मावसांचं कोरियन

माझ्या मावसांइतका निश्चयाचा सखोल अभ्यास केलेला आणि आयुष्यात एकही निश्चय न केलेला माणूस तापीपासून सातपुड्यापर्यंत दुसरा झाला नसेल. मावसा म्हणजे मावशीचे यजमान. फौजेत होते. कोरियातली लढाई थांबल्यावर तिथल्या कैद्यांची राखण करायला आपली पलटण गेली, तिच्यात हेही गेले. त्या कैद्यांपुढं प्रश्न एकच होता: आपल्या मुलखात परत जायचं की नाही? एकेकाला तंबूत नेऊन हे विचारत; जाणाऱ्यानं एका दारानं बाहेर पडायचं, न जाणाऱ्यानं दुसऱ्या. कुंपणापलीकडच्या एका कैद्यानं मावसांना फावल्या वेळात भाषा शिकवली, आणि त्याच्या डोक्यात दुसरा विषयच नसल्यानं ती सगळी जाण्या-न जाण्याचीच शिकवली. हे व्याकरण घेऊन मावसा नंदुरबारला परतले.

मी शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा त्यांच्याकडेच राहायला होतो. व्याकरण समजणारा माणूस आयताच घरात आल्यावर मावसांना उधाण आलं. "‘कागेसॉयो’ म्हणजे जाईन म्हणतो. नुसतं मनमा शे. पण ‘कागिरो हॅसॉयो’ म्हटलं का संपलं! जाण्याच्या बाजूला केलं. ठरलं!" ‘ठरलं’ म्हणताना ते मांडीवर मूठ आपटत, आणि मग चहा घ्यावा की दूध यात सकाळ घालवत. मिरचीच्या बाजारात एका अडत्यानं त्यांना माल पसंत करायला ठेवलं, तर दोन ढिगांच्या मधोमध ते शिंकत उभे राहिले आणि तेवढ्यात दोन्ही ढीग दुसऱ्यांनी उचलले. मावशी विळी घेऊन बसली की त्यांच्याच ‘कागिरो’तला तुकडा उचलून विचारायची, "वांगा का गिलकं? आज काय गिरो शे?" मावसा विचारात पडत. ती वांगी चिरून मोकळी होई.

मग मावशीच्या पोटात गाठ निघाली. सुरतेला नेऊन ऑपरेशन करा, उशीर नको, असं डॉक्टर म्हणाले. मावसा ओट्यावर येरझारा घालू लागले. नेलं आणि टेबलावरच गेली तर? नाही नेलं तर? आठवडे उलटत चालले. शेवटी मी चिडून म्हणालो, "मावसा, आता तरी ठरवा!"

ते ओट्यावर बसले. "तो कैदी माले रोज पुसे, मन्हा जागावर तू ऱ्हाता तर काय करता? मी म्हणू, उद्या सांगसू. मंग त्यानी पाळी उनी. तंबूमा जाताना मन्हाकडे दखत गया. कोणता दरवाजाघाई बाहेर निंघना, माले आजून मालूम नही."

मावशी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"माले सुरतले जावानं नही," ती म्हणाली. "मी ठराई टाकं. तुम्ही आते जेवाले बसा."

मी तिची खूप समजूत घातली. ती बधली नाही. मावसांच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटल्यासारखं हसू आलं, आणि ते आपलं आपल्यालाच कळल्यावर त्यांनी ओंजळीत तोंड घातलं.

मिरच्या वाळत घालायच्या दिवसांत मावशी गेली.

पुढं मावसा रोज संध्याकाळी स्टेशनात जाऊन बसायचे. सुरतेची गाडी यायची, थांबायची, सुटायची. एकदा न राहवून मी त्यांच्यामागं गेलो. विचारलं, "मावसा, कुठं जायचंय का?"

"नही रे मास्तर." बाकावर माझ्यासाठी जागा करत ते सरकले. गाडीचे डबे एकेक करून आमच्यासमोरून निघाले होते. "खिडकीजवळ बठती ती," ते म्हणाले. "तिले वारं आवडे."