शेवंतीच्या गळ्यात बसलेली देवी

आमच्या कोपरी गावात लग्नाला भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारीण आधी हवी. ती धवले गाते, देवांना बोलावते, दोन्ही घरच्या माणसांची नावं सुरात घेते, तेव्हा कुठं नवरीला हळद लागते. माझी जाऊ शेवंती आमची धवलारीण. तिचा आवाज खाडीवरच्या धुक्यासारखा. कुठून सुरू झाला ते कळायचंच नाही, बघता बघता सगळा मांडव त्यात बुडालेला असायचा.

तिच्या गळ्याला गाठ आली. आधी सुपारीएवढी, मग वाढत वाढत लिंबाएवढी. कुणी शहाणं असतं तर औषध बघितलं असतं. आमच्या बायांनी काय केलं? म्हणाल्या, देवीच येऊन बसली! एवढे धवले गायली, ते गळ्यातच साठले. झालं! शेवंती लग्नघरी आली की आधी त्या गाठीला कुंकू लावायचं, मग पुढचं काम. पार कल्याणहून बोलावणी येऊ लागली. शेवंतीही खुळी, पाण्यात गळा बघून हसायची. मी म्हणायचे, "अगो, देवीला बसायला देऊळ कमी पडलं काय?" तर सगळ्या माझ्यावरच डोळे वटारायच्या.

मग आडवं पडलं की तिला धाप लागू लागली. एका मांडवात उंच सूर लावताना आवाज चरकन फाटला. घरी आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तिच्या लेकीचं, कलावतीचं लग्न ठरलं होतं. "बाय, माझ्या पोरीचे धवले मला गाता नाय आले तर?" सकाळी मी तिला ओढतच ठाण्याच्या दवाखान्यात नेली.

तिथले डॉक्टर हरिहरपंत मोठे धीराचे. त्यांनी तिला पाण्याचा घोट गिळायला लावला आणि गळ्याकडे टक लावून बघत राहिले. गाठ वर गेली, खाली आली. मग मागं उभं राहून बोटांनी चाचपली. म्हणाले, "मऊ आहे, सरकते आहे. हे चांगलं. दगडासारखी कडक, मांसाला धरून बसलेली असती तर माझ्याकडे इलाज नव्हता."

"मग कापून टाका की," मी म्हटलं.

"बाई, तिथलं रक्त आवरत नाही. चांगली धडधाकट माणसं जातात. आणि जगली, तरी आवाजाची शीर त्या गाठीला लागूनच असते."

शेवंतीनं गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळून घेतला. कापायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. डॉक्टरांनी लाल मलम दिलं, पारा आणि आयोडीन घालून केलेलं. सकाळी चोळायचं आणि सोसवेल तोवर गळा उन्हाला धरून बसायचं.

ती मिठागराच्या बांधावर बसायची. मान मागं टाकलेली, डोळे मिटलेले. समोर मिठाचे ढीग चमकायचे, आगगाडीचा धूर खाडीवरून हळूहळू विरत जायचा. मी शेजारी बसायचे, मलाही गुंगी यायची. कातडं भाजायचं, फोड यायचे, पण ती हूं की चूं करायची नाही. म्हणायची, "बाय, डोळे मिटले की सगळं लाल दिसतं. जणू कलूच्या हळदीचा मांडव आतच घातलाय." तिथं तिला गायची बंदी मीच केली होती. तरी ओठ हलत राहायचे.

गाठ उतरली. पुरती नाही, पण धाप गेली, सूर परत आला. मला वाटलं जिंकलो! कसलं काय. सपाट गळा बघून बाया कुजबुजल्या, देवी उठून गेली. बोलावणी थांबली. मेल्यांनो, आवाज तर ऐका! कोण ऐकतो? कलावतीच्या सासरच्यांनी तर कल्याणहून दुसरी धवलारीण आणली. शेवंती लेकीच्या मांडवात पाहुणीसारखी मागं जाऊन बसली. माझ्या जिवाची नुसती आग झाली.

हळदीची वाटी पुढं आली आणि कलावतीनं हात आडवा धरला. "माझे धवले आई म्हणंल. नायतर मी पाटावरून उठते."

नवरा मुलगाच म्हणाला, "म्हणू द्या की."

शेवंती बसल्या जागेवरूनच गायली. देव आले, गाव आलं, नवऱ्याकडचे सगळे आले. मग नवरीच्या आईचं नाव घ्यायची जागा आली. किती जणींच्या आयांची नावं त्या जागी तिनं घेतली होती! तिथं ती थांबली. मला वाटलं, गेला आवाज. मी तिचा हात धरला.

आणि मग तिनं, जन्मात पहिल्यांदा, शेवंती म्हणून स्वतःचं नाव गाइलं.