दोरी कोणी कापली

नांदेडच्या बाजारात परवा खिशात ठेवायला घडीचा छोटा चाकू बघत होतो. पात्याला बारीक दाते होते. दुकानदार कागद कापून दाखवू लागला, तर मी नायलॉनची दोरी मागितली. दाते रुतले आणि दोरी कचकन तुटली.

त्या आवाजासरशी कैक वर्षांपूर्वीचा औशाचा बैलबाजार डोळ्यांपुढे आला. आमचा बैल घसरून पडला होता आणि गळ्यातली ओली दोरी आवळत चालली होती. हातावरचे केस भादरणारा माझा चाकू दोरीवरून नुसता घसरत होता. थोरली अक्का गवताचा दातेरी विळा घेऊन वाकली.

"सरक की! काय खाजवून राहिलास त्याला?"

दोन हिसक्यांत बैल मोकळा झाला. गर्दी जमली तेव्हा उघडा चाकू माझ्या हातात होता. "लई धार हाय!" लोक म्हणाले. दोरी मीच कापली, असं मी त्यांना वाटू दिलं.

माझा चाकू का घसरला, हे अक्काला विचारावंसं फार वाटायचं. पण विचारलं असतं तर खरं सगळ्यांना कळलं असतं. परवा दुकानातूनच तिला फोन लावला.

"दाते दोरीला धरतेत रे," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता तूच सांग घरातल्या पोरांना, दोरी कुणी कापली ते. माझं कुणी खरं मानत न्हाई."