पाठ टेकण्यापुरती जागा

सातवीतून शाळा सुटली आणि मी कोकणातून परळला आलो. गावकऱ्यांच्या गाळ्यात, चाळीतल्या एकाच खोलीत, वीस-बावीस माणसं राहायची. प्रत्येकाला एक खुंटी, एक ट्रंक. वळकटी मात्र दोघांत एक. माझी गावातल्या एका काकांबरोबर होती. ते पहिल्या पाळीला गिरणीत जायचे आणि मी तिसरी पाळी करून यायचो. त्यांच्या पाठीची ऊब असायची तेवढ्यातच मी आडवा व्हायचो.

संप लागला, आणि गाळ्यातून आधी ट्रान्झिस्टर विकायला गेला, मग एकेकाची घड्याळं. काका गावाला जायला निघाले तेव्हा वळकटी मलाच देऊन गेले. पुढे दादरला फ्रिज-टीव्हीच्या दुकानात मला चिकटवलं तेही त्यांनीच, ओळखीच्या माणसाला चिठ्ठी लिहून. त्या चिठ्ठीवर माझा संसार उभा आहे.

पण संपाची भीती अंगातून गेली नाही. घरात वस्तू दिसली की नोकरी शाबूत आहे असं वाटायचं. करी रोडच्या एका खोलीत मी फ्रिज आणला, शोकेस आणली, वॉशिंग मशीन आणलं. काका आले तर हवा म्हणून सोफा-कम-बेडही घेतला. त्याचं प्लास्टिक काढलं नव्हतं.

काका आले ते डोळे दाखवायला, आठवडाभर राहायचं म्हणून. दुपारी जेवून म्हणाले, "जरा पडतंय." मी सोफा उघडायला गेलो. तो फ्रिजला अडला. फ्रिज सरकवावा तर मशीन आडवं. बायको स्वयंपाकाच्या ओट्याशी अवघडून उभी.

काका हसले. "झिला, ह्या दुकानात गिऱ्हायकान निजाचा खंय?"

मीही हसलो. त्यांनी पिशवी उचलली. "रागावलात काय?" मी विचारलं. "तसा नाय रे. गाळ्यात आपली माणसा आसत."

दुसऱ्या दिवशी मशीन गॅलरीत काढलं, सोफा उघडून पाहिला आणि दुकानात जाता जाता गाळ्यात गेलो. काका दोन माणसांच्या मधे चटईवर पडले होते.

"घरी चला. जागा केलीय."

"हय बरा आसा," ते म्हणाले. मग मी उभा आहे हे पाहून, जुन्या सवयीने भिंतीकडे सरकले आणि बाजूची हातभर जागा हाताने झाडली. "टेक जरा."

दुकानाची वेळ झाली होती. मी टेकलो नाही. काका त्यानंतर मुंबईला आले नाहीत.