सूचकाची सही

टँकरच्या पाण्याचा क्लोरीनचा वास आला, की मला आमच्या वॉर्डातली ती निवडणूक आठवते. दुष्काळाचं वर्ष होतं, शेंद्र्याच्या कारखान्यांमुळं वस्ती वाढतच चालली होती आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. गल्लीतली एक तृतीयपंथी बाई, सगळ्यांची अक्का, उन्हात टँकरपुढं उभी राहून प्रत्येकाला रांगेनं पाणी मिळवून द्यायची. बायकांनीच तिला नगरसेवकपदासाठी उभं केलं, आणि अर्जावर सूचक म्हणून सही करायचं मी कबूल केलं. अर्ज भरायच्या दिवशी सकाळी थोरला भाऊ माझ्यावर खेकसला, "तुझ्या पोरीला बघायला पाहुणे येणारेत, अन् तू हिच्या कागदावर नाव लावतो व्हय?" अक्का अर्ज घेऊन दारात आली तेव्हा मी खाली बघत म्हणालो, "अक्का, मला नाय जमणार." "हंडा भरून घेताना लाज नाय वाटली ना, भाऊ?" एवढंच बोलून ती समोरच्या म्हाताऱ्या मुसलमान शेजारणीकडं गेली; तिला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. खालानं चष्माही शोधला नाही. "अंगूठा किधर लगाना, बोल बेटी," म्हणाली. अक्का थोडक्या मतांनी पडली. अजूनही रस्त्यात दिसली की तीच आधी हात जोडते, आणि मत मी तिलाच दिलं होतं, हे सांगायला माझं तोंड उघडत नाही.