गुहेतले हमाल

"बस खाली. घड वाहणाऱ्याच्या पोरीला गुहेतही हमालच दिसणार."

सर भरवर्गात म्हणाले. वर्ग खो खो हसला. मी उभीच होते.

बी.ए.चं दुसरं वर्ष, विषय तत्त्वज्ञान. सर ग्रीकांची गुहेची गोष्ट शिकवत होते. जन्मापासून बांधलेले कैदी. समोर भिंत, भिंतीवर सावल्या. त्यांना वाटतं, हेच जग. सावल्या कशाच्या? तर कैद्यांच्या पाठीमागे जाळ पेटलेला, आणि त्या जाळासमोरून काही माणसं वस्तू वाहून नेतात, त्या वस्तूंच्या. मग एक कैदी सुटतो, बाहेर उन्हात जातो, ज्ञानी होतो.

मी एवढंच विचारलं होतं, "सर, ती वाहणारी माणसं कोण? ती कधी बाहेर पडतात का?"

त्यावर हे. वर सरांनी माझ्या कुडत्याकडे बोट केलं. "आधी तो डाग धू. मग ग्रीकांकडे ये."

डाग केळीच्या चिकाचा. रविवारी मी आबांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, फैजपूरकडच्या बागांत कापणीला जायची. घड कापला की दांड्यातून चीक गळतो. कपड्यावर पडला की काळा होतो आणि काही केल्या निघत नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सरांना तर पक्कं ठाऊक, कारण बाग त्यांच्याच घरची होती. घड त्यांचे, डाग माझा. अन् धू म्हणे!

मी बसले. बसले याची लाज आजही वाटते.

घरी आबा खोबरेल लावून हातावरचा चीक चोळत होते. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, घरात अहिराणीच. रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं, सरांना शिव्या घालतील, नाहीतर मलाच म्हणतील, मोठ्यांच्या नादी लागू नको. आबांनी मान वर करून विचारलं, "तू इचारं ना? मंग उत्तर कोठे शे?"

माझं रडं थांबलं. खरंच की. अपमान मिळाला होता, उत्तर मिळालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम तोच कुडता घातला. हजेरी झाली आणि उभी राहिले. इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात. विषय राहिला तर शिक्षण बंद, आईने स्थळं बघून ठेवलेलीच होती.

"सर, कालचं उत्तर राहिलं."

"बस."

"नाही बसणार."

"मार्क कोण देतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. ती माणसं कोण, सर?"

या वेळी कोणी हसलं नाही. सर पुस्तक मिटून निघून गेले. इंटर्नलला त्यांनी मला नापास केलं. वर्ष लांबलं. आईला आबांनी थोपवून धरलं आणि मी पुन्हा परीक्षेला बसले.

आज धुळ्यातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर हाच विषय शिकवते. गुहेचा तास आला की फळ्यावर आधी वाहणारी माणसं काढते, कैदी नंतर. परवा एका सहकाऱ्याने टोमणा मारला, "मॅडम, हमालांवर परीक्षेत प्रश्न येत नाही. पुढच्या वर्षी तासिका हव्यात ना?"

हव्यात. पण त्यासाठी ती माणसं मी पुसणार नाही. उत्तर मलाही अजून सापडलेलं नाही. मात्र माझ्या वर्गात प्रश्न विचारायला उठलेल्या पोरीला "बस खाली" म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही. माझीसुद्धा.