साहेबांनी हात मागे घ्यावा

मुकादमांचा आवाज मोठा होता, आणि तो तसा असायला कारणही होतं. धुलाईच्या कारखान्यात दिवसभर ड्रम घरघरायचे, कपडे पिळायची यंत्रं थरथरायची, वाफेच्या नळ्या फुसफुसायच्या. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरींचे ढीग एका दारानं आत यायचे आणि कडक घड्या होऊन दुसऱ्या दारानं बाहेर पडायचे. त्या गदारोळात ज्याला काही सांगायचं त्यानं ओरडूनच सांगायला हवं. मुकादम सगळ्यांवर ओरडायचे आणि सगळ्यांना अरे-तुरे करायचे. "ए, ढीग उचल!" "अगं, कोपरा धर नीट!" "अरे, झोपलास का उभ्या उभ्या?" त्याचं कुणाला वाईट वाटत नसे. घडीच्या टेबलावरच्या बायका तर म्हणायच्या, मुकादम 'अहो' म्हणाले की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय.

मेहुण्याला या कारखान्यात चिकटवलं ते त्यांनीच. बायकोचा हा धाकटा भाऊ त्यांच्या लग्नात एवढासा होता आणि त्याचं नाक सदा गळायचं. मुकादमांनी त्याचं नाव शेंबड्या ठेवलं ते ठेवलंच. पुढे तो शिकला, कारखान्यात कारकून झाला, लग्न झालं, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले, तरी मुकादमांच्या तोंडी शेंबड्याच. तो मात्र त्यांना 'भाऊजी' म्हणायचा, अहो-जाहो करायचा आणि घरी जेवायला आला की त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. बहिणीच्या नवऱ्याचा मान तो. त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं मुकादमांना कधी वाटलं नाही.

मग जुने मॅनेजर सोडून गेले आणि मालकांनी त्या खुर्चीत मेहुण्याला बसवलं.

थोड्याच दिवसांनी एका मोठ्या दवाखान्याच्या मॅडम कारखाना बघायला आल्या. मेहुणा नवा शर्ट घालून त्यांना एकेक यंत्र समजावून सांगत होता. तेवढ्यात पलीकडून हाक आली, "ए शेंबड्या! वाफ कमी पडलीय, बॉयलरवाल्याला बघायला सांग की!"

मॅडमनी रुमाल तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. घडीच्या टेबलावर तर हशाच पिकला. मेहुण्याचे कान लालबुंद झाले.

संध्याकाळी त्यानं मुकादमांना केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाला नाही.

"भाऊजी, इथं मला अरे-तुरे करायचं नाही. आणि ते नाव तर अजिबात नाही."

"का रे? शिंगं फुटली?"

"फुटली समजा."

"तुला कडेवर घेऊन फिरवलंय मी."

"म्हणून जन्मभर कडेवरच बसू का? माझ्या सासऱ्यांसमोर शेंबड्या, माझ्या बायकोसमोर शेंबड्या. परवा माझ्या पोरीनं विचारलं, बाबा, तुम्हाला असं का म्हणतात? तुम्हाला वाटतं ते प्रेम आहे. मला कधी विचारलंत, मला काय वाटतं?"

मुकादमांना हे असं कुणी कधी ऐकवलं नव्हतं. कुठंतरी ते लागलंही असावं, पण ते जाणवण्याआधीच राग चढला. त्यांनी टोपी काढली, छातीशी धरली आणि कमरेत वाकले.

"जशी आज्ञा, साहेब. आपण म्हणाल तसं."

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात तमाशा सुरू झाला. मेहुणा यंत्रांपाशी आला की मुकादम हात जोडून उभे. "साहेबांनी इथवर येण्याची तसदी घेतली, ड्रमचं भाग्य उजळलं." "साहेबांची परवानगी असेल तर नळ बंद करावा म्हणतो." हे सगळं गळ्यातून असं लाडीगोडीनं, लांबवून लांबवून काढायचे की बायकांच्या हातातल्या घड्या सुटायच्या. मेहुणा काय करणार? आपल्याला फार मान देतात अशी तक्रार तो कोणत्या तोंडानं करणार? तो ओठ आवळून निघून जायचा, आणि पाठीमागे हसू फुटायचं.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. रविवारी मेहुणा बायको-पोरीला घेऊन बहिणीकडे जेवायला आला, तर दारातच मुकादम उठून उभे राहिले.

"यावं साहेब, बसावं. अगं, साहेबांना खुर्ची दे. आम्ही काय, जमिनीवरची माणसं. आपल्याला भात वाढू का? आपल्यासारख्यांच्या पोटाला चालेल ना आमच्या घरचा?"

"अहो, पुरे झालं आता," बायको दातओठ खात म्हणाली.

"माझं काय चुकलं? 'आपण' म्हणू नये का साहेबांना?"

मेहुणा भरल्या ताटावरून उठला. पोरीला हाताला धरून जिना उतरला. त्या दिवसापासून 'भाऊजी' हा शब्द संपला. कारखान्यात तो त्यांना नुसतं 'मुकादम' म्हणू लागला. 'तुम्ही' म्हणायचा, पण अंगावर पाणी फेकावं तसं. त्यांच्या हाताखालची चांगली माणसं त्यानं दुसरीकडे हलवली, सुट्टी मागितली की नाही म्हणायचा. मुकादमांनी आपलं बोलणं आणखी गोड केलं. ते रात्री पडल्या पडल्या नवी नवी वाक्यं जुळवायचे.

एक दिवस इस्त्रीच्या रोलरमध्ये चादर अडकली. हा रोलर म्हणजे माणसाच्या कमरेएवढा जाड, तापलेला. एकीकडून ओली चादर आत घालायची, दुसरीकडून ती सपाट होऊन निघायची. पुढे एक आडवी दांडी असते, हात आत जाऊ नये म्हणून. मेहुणा नेमका तिथं होता. मुकादमांना हाक मारायची त्याला इच्छा नव्हती. त्यानं स्वतःच दांडी वर केली आणि चादरीचा कोपरा ओढायला हात घातला. रोलर हळू, पण फिरतच होता.

मुकादम रोलर थांबवायच्या लाल बटणाच्या शेजारीच होते. एरवी "हात काढ!" एवढं बोलून बटण दाबलं असतं. त्यांनी टोपी छातीशी नेली.

"साहेबांना विनंती आहे की," ते त्याच लांबलेल्या सुरात म्हणाले, "साहेबांनी आपला हात जरा मागे घ्यावा, म्हणजे आमच्यासारख्यांना..."

टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं. मेहुण्यानं मानही वळवली नाही. "तुमचं नाटक दुसरीकडे करा," म्हणून त्यानं हात आणखी आत घातला. ओल्या कापडाचा पीळ मनगटाला बसला आणि त्यानं जी किंकाळी फोडली ती सगळ्या यंत्रांच्या वर ऐकू गेली. मग मुकादमांनी बटण दाबलं.

दवाखान्याच्या बाकावर बायको त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. घडीवाल्या बायकांपैकी कुणीतरी तिला सगळं सांगितलं होतं.

"बटण आधी का नाही दाबलंत?"

"मी सांगितलं होतं त्याला."

"काय सांगितलंत? कसं सांगितलंत? म्हणून दाखवा मला."

मुकादमांनी तोंड उघडलं. ते वाक्य त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होतं, पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. आणखीही एक आठवत होतं, आणि ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. बोलायला लागले तेव्हा त्यांचा दुसरा हात बटणाकडे निघाला होता. वाक्य झकास जमतंय असं वाटलं, म्हणून तो वाटेत थांबला.

"तू मुद्दाम केलंस," बायको म्हणाली.

लग्न झाल्यापासून तिनं त्यांना 'अहो' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. आजूबाजूला बसलेली अनोळखी माणसं वळून बघू लागली. मुकादम खाली मान घालून स्वतःच्या चपला बघत राहिले.

मालकांनी चौकशी केली तेव्हा हाताला पांढरं गाठोडं बांधलेला मेहुणा मुकादमांच्या देखत एवढंच म्हणाला, "त्यानं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

सुटका झाली खरी. पण 'त्यानं' हा शब्द मालकांच्या खोलीत, सगळ्यांच्या कानांवर पडला होता, आणि तो उचलून परत द्यायची सोय नव्हती. महिना भरायच्या आत मुकादमांनी काम सोडलं. दूरच्या एका लहान दुकानात पडदे धुवायला लागले. तिथं एकच यंत्र होतं, ओरडायची गरजच पडत नसे. घरी बायको त्यांना ना 'तू' म्हणे, ना 'अहो'. "जेवण झालंय." "दार लावायचं राहिलंय." भिंतीला सांगावं तसं.

बऱ्याच वर्षांनी मेहुण्याच्या पोरीच्या लग्नात पाहुण्यांची गर्दी इतकी की पंगतीला बसवणाऱ्यानं नेमकं दोघांना शेजारी बसवलं. उठून जावं तर चारचौघांत दिसलं असतं.

"पाणी हवंय का?" मुकादमांनी विचारलं.

"चालेल."

"हाताला आता बरं वाटतं का?"

"चाललंय."

कुणाचा हात, कुणाला बरं, कशाचाच पत्ता नव्हता. दोघांनी असं बोलणं शोधून काढलं होतं, ज्यात समोर कुणी बसलेलंच नव्हतं. मुकादमांनी पेला भरला आणि मेहुण्याच्या डाव्या हाताशी ठेवला. मेहुण्यानं तो मुद्दाम उजव्या हाताच्या आखडलेल्या बोटांत धरून उचलला. अर्धं पाणी मांडीवर सांडलं. मुकादमांनी रुमाल काढला, तसा तो म्हणाला, "राहू द्यावं." आणि ओल्या कपड्यांनिशी, ताठ बसून, उरलेलं पाणी संथपणे प्यायला.