खंदकाच्या काठचा बंदोबस्त

"बंदोबस्त चोख हाय!" असं म्हणून जमादार आधी उजवी मिशी पिळायचा, मग डावी. दोन्ही पिळून होईपर्यंत समोर काय चाललंय ते त्याला दिसत नसे. नंतरही फारसं दिसत नसे म्हणा.

निजामाच्या अमलात परंड्याच्या उरुसाला किल्ल्यापाशी कुस्त्यांचं मोठं मैदान भरायचं. त्याची देखरेख या जमादाराकडे. असे जमादार तुम्हीही पाहिले असतील. वरच्याला सलाम आणि खालच्याला छडी, एवढ्यावर त्यांचा जन्म निघतो.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. आखाड्याजवळची जागा साहेबलोकांच्या खुर्च्यांना, त्यामागची त्यांच्या नोकरांना, म्हणून माझी पोरं पार मागं खंदकाच्या काठावर बसायची. त्यांना पुढं घ्या, असं मी दरवर्षी विनवायचो.

"मास्तर, पोरं म्हंजी चिमण्या. हाकललं की उडत्यात. तुमी कशाला फिकीर करताव?"

चिमण्यांना पंख असतात, पोरांना नसतात, एवढंही त्या गाढवाला कळत नव्हतं.

पहिल्या कुस्त्या लहान पोरांच्या, रेवड्यांवर. जिंकणारा आणि हरणारा, दोघांच्याही ओंजळीत रेवड्या घालायच्या अशी जुनी रीत. एका वर्षी साहेब उशिरा आले, तर यानं पोरांच्या कुस्त्याच रद्द केल्या आणि थेट मोठी जोड लावली. पोरं हिरमुसली, कुरकुरली. साहेबांनी मान वळवून पाहिलं मात्र, हा दिलदार खुर्चीवर चढला आणि मुठी भरभरून रेवड्या खंदकाच्या बाजूला उधळू लागला.

"लुटा रं, लुटा!"

पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. त्या रेटारेटीत तेल्याचा महादू काठावरून खाली गेला. जेमतेम सात वर्षांचं पोर. आणखी दोघं काठाच्या दगडांना धरून लोंबकळत होती.

आखाड्यात बेंबळीचा एक गडी आणि परंड्याचा करीम पैलवान झुंजत होते. दोघांनी पकड सोडली आणि तसेच लंगोटावर धावले. करीमनं आडवं पडून लोंबकळणारी पोरं वर ओढली, बेंबळीकर खंदकात उतरला. आणि आमचा जमादार काय ओरडत होता, माहीत आहे?

"कुस्ती पुरी करा! सायेब बसल्यात!"

महादूचा पाय मोडला. हाडवैद्यानं बांधला, पण वाकडाच राहिला. "पोरगंच वांड हुतं," जमादार गावभर सांगत हिंडला. मी त्याला आजही माफ केलेलं नाही.

पुढच्या उरुसाला तेच दोघे पैलवान मैदानात आले आणि कपडे न उतरवताच मांडी घालून बसले.

"पोरं म्होरं बसल्याबिगर आमी लंगोट कसणार न्हाय," करीम म्हणाला. बेंबळीकरानं नुसती मान हलवली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. जमादाराला घाम फुटला. शेवटी खुर्च्या मागं सरकल्या, पोरं आखाड्याला लागून बसली. महादूला करीमनं स्वतः उचलून आणलं. मग रीतसर रेवड्यांच्या कुस्त्या झाल्या आणि खेळू न शकलेल्या महादूच्याही ओंजळीत रेवड्या पडल्या.

जमादाराला कुठं जागाच उरली नव्हती. तो खंदकाच्या काठावर एकटा उभा होता, मिशी पिळत.

"बंदोबस्त चोख हाय!" तो म्हणाला.

त्या वर्षी पहिल्यांदाच ते खरं होतं, कारण त्यात त्याचा काही हात नव्हता.